आधी कोणी झोपायचं? फ्यूज, सस्पेंड आणि २० सेकंदांचा इतिहास

लॅपटॉपचं झाकण मिटल्यावर पुढच्या दोन-तीन सेकंदांत आत काय चालतं, याचा विचार आपण सहसा करत नाही. करायची गरजही पडत नाही. पण कधीतरी असं होतं की झाकण मिटून लॅपटॉप सॅकमध्ये टाकावा, तासाभराने बाहेर काढावा, तर तो इस्त्रीसारखा तापलेला, पंखा घरघरतोय आणि बॅटरी तळाला गेलेली. यंत्र झोपलंच नव्हतं! लिनक्सवर असं झालं आणि कर्नलचा लॉग उघडला, तर अनेकदा या अर्थाची एक ओळ सापडते: २० सेकंद वाट पाहिली, पण एक प्रोसेस गोठायला तयार नाही.

ही न गोठणारी प्रोसेस कधी कधी अगदी साधी असते. फाइल मॅनेजर, फोटो दाखवणारा प्रोग्रॅम, नाहीतर नुसती 'एलएस' ही आज्ञा. तिचा स्वतःचा काही दोष नसतो. ती एका फाइलची वाट बघत असते, आणि ती फाइल जिच्याकडून यायची ती दुसरी प्रोसेस आधीच झोपी गेलेली असते.

माझं पीएचडीचं काम प्रोसेसच्या अशा एकमेकांवरच्या अवलंबित्वावर आहे. 'पण हा प्रश्न आला कुठून?' असं कोणी विचारलं की मला दर वेळी इतिहासातच शिरावं लागतं. म्हणून म्हटलं, एकदा तो इतिहास सलग लिहून टाकावा. कोड येत नसला तरी चालेल, गोष्ट समजेल.

झोपेचे दोन प्रकार

आधी शब्द स्पष्ट करू. 'सस्पेंड' म्हणजे मेमरीला तेवढी वीज चालू ठेवून बाकी सगळं बंद करणं. काही सेकंदांत जाग येते, पण बॅटरी पूर्ण संपली तर मेमरीतलं सगळं गेलं. 'हायबरनेशन' म्हणजे मेमरीची संपूर्ण प्रत डिस्कवर लिहून यंत्र खरोखर बंद करणं. जागं व्हायला वेळ लागतो, पण महिनाभर वीज नसली तरी चालतं.

१९९२ मध्ये इंटेल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी एपीएम नावाचं मानक आणलं. त्यात झोपवण्याचं बरंचसं काम बायोस करत असे, ऑपरेटिंग सिस्टिमला त्यात फारसं लक्ष घालावं लागत नसे. डिसेंबर १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांचं एसीपीआय हे मानक आलं आणि ही जबाबदारी ऑपरेटिंग सिस्टिमवर पडली. कुठलं उपकरण कधी बंद करायचं, कोणत्या क्रमाने, त्याआधी काय काय आवरायचं, हे सगळं आता कर्नलने ठरवायचं.

लिनक्समध्ये हायबरनेशनची सुरुवात गाबोर कुती यांच्या कामापासून झाली. नंतर पावेल माखेक यांनी ते पुढे नेलं आणि २००२ मध्ये, २.५ या विकासमालिकेत, 'स्वसस्प' या नावाने ते मूळ कर्नलमध्ये आलं. त्यासोबत एक यंत्रणा आली, तिचं नाव फ्रीझर. कर्नलच्या कोडमध्ये तर फंक्शनचं नावच 'रेफ्रिजरेटर' होतं. झोपायच्या आधी प्रत्येक प्रोसेसला त्या शीतकपाटात नेऊन उभी करायची, हे त्याचं काम.

प्रोसेस गोठवायच्या कशाला? किराणा दुकानदाराची रोजमेळ वही डोळ्यासमोर आणा. रात्री दुकान बंद करताना मालकाने वहीची प्रत काढली आणि तिजोरीत ठेवली. प्रत काढून झाल्यावर एखाद्या नोकराने दोन पोती साखर विकली तर? गोदामातला माल एक सांगेल, प्रत दुसरंच सांगेल. सकाळी मालक प्रतीवर विश्वास ठेवून व्यवहार सुरू करणार आणि सगळा हिशेब बिघडणार. हायबरनेशनमध्ये मेमरीची प्रत काढल्यानंतर कोणी डिस्कवर लिहिलं, तर जागं झाल्यावर नेमकं हेच होतं. फाइलसिस्टिमची मेमरीतली समजूत जुनी आणि डिस्क नवी. म्हणून स्वसस्पच्या दस्तऐवजात सुरुवातीलाच मोठ्या अक्षरांत इशारा होता: झोपणं आणि जागं होणं यांच्या मध्ये डिस्कला हात लावलात, तर डेटावर पाणी सोडा.

क्रमही ठरलेला होता. आधी यूजरस्पेसच्या प्रोसेस गोठवायच्या, म्हणजे आपण चालवतो ते प्रोग्रॅम. त्यानंतर कर्नलच्या स्वतःच्या थ्रेड. 'वरचे' आधी झोपतात, 'खालचे' शेवटपर्यंत जागे राहून डिस्कवरची कामं उरकतात. लग्नघरात पाहुणे आधी झोपतात, कोठीघराच्या किल्ल्या ज्याच्याकडे तो सगळ्यात शेवटी, तसंच.

या रचनेत एक गृहीत लपलेलं आहे: किल्ल्या नेहमी कर्नलकडे असतात, पाहुण्यांकडे कधीच नाही. २००२ मध्ये ते जवळपास खरंच होतं.

किल्ल्या पाहुण्यांकडे गेल्या

'जवळपास' म्हटलं, कारण फाइलसिस्टिम कर्नलच्या बाहेर चालवायची कल्पना त्याआधीची आहे. कार्नेगी मेलन विद्यापीठात १९८७ पासून आकाराला आलेल्या कोडा या फाइलसिस्टिममध्ये 'व्हीनस' नावाची एक साधी प्रोसेस फाइली आणून द्यायची, कर्नलमध्ये फक्त निरोप्या असायचा. मॅट ब्लेझ यांची १९९३ ची सीएफएस ही कूटबद्ध फाइलसिस्टिमही साध्या प्रोसेसमध्येच चालायची आणि कर्नलशी एनएफएसच्या भाषेत बोलायची.

गंमत म्हणजे ज्या पावेल माखेक यांनी स्वसस्प सांभाळलं, त्यांनीच त्याआधी यूजरव्हीएफएस नावाचा प्रकल्प लिहिला होता. कोडाचा कर्नलमधला निरोप्या वापरून कुठल्याही प्रोग्रॅमला फाइलसिस्टिम बनता यावं, ही त्यामागची कल्पना. म्हणजे या गोष्टीतली दोन्ही टोकं एका माणसाच्या हातून गेली होती.

हे सगळं सर्वसामान्य झालं ते मात्र मिक्लोस सेरेदी यांच्या फ्यूजमुळे. फ्यूज म्हणजे 'फाइलसिस्टिम इन यूजरस्पेस'. घरातल्या विजेच्या फ्यूजशी काही संबंध नाही. एव्हीएफएस या प्रकल्पाच्या गरजेतून ते जन्मलं आणि बऱ्याच वादावादीनंतर ऑक्टोबर २००५ मध्ये, २.६.१४ या आवृत्तीत, मूळ कर्नलमध्ये आलं. त्यानंतर फाइलसिस्टिम लिहिणं म्हणजे एक नेहमीचा प्रोग्रॅम लिहिणं झालं. दूरच्या यंत्रावरच्या फाइली आपल्याच फोल्डरमध्ये दाखवणारी एसएसएचएफएस, विंडोजच्या डिस्क वाचणारी-लिहिणारी एनटीएफएस-३जी, कूटबद्ध फोल्डर देणारी एनकएफएस, सगळ्या फ्यूजवरच्या.

ती चालते कशी, हे एकदा नीट बघू. तुमच्या प्रोग्रॅमने एक फाइल मागितली. विनंती कर्नलकडे गेली. कर्नलमधल्या फ्यूजच्या भागाने ती एका रांगेत लावली. त्या रांगेवर एक डेमन, म्हणजे पार्श्वभूमीवर चालणारी साधी प्रोसेस, लक्ष ठेवून असते. तिने विनंती उचलली, उत्तर शोधलं आणि कर्नलला परत दिलं. तेव्हा कुठे तुमचा प्रोग्रॅम पुढे सरकला. मधल्या काळात तुमचा प्रोग्रॅम कर्नलच्या आत उभा आहे आणि वाट बघतो आहे.

आता फ्रीझरच्या नजरेने बघा. त्याला दोन यूजरस्पेस प्रोसेस दिसतात: एक मागणारी, एक देणारी. त्याच्या लेखी दोघी पाहुण्याच. त्यांतल्या एकीच्या कनवटीला कोठीघराची किल्ली आहे, हे त्याला कळायला मार्ग नाही.

२० सेकंद

फ्रीझर सगळ्या यूजरस्पेस प्रोसेसना जवळजवळ एकाच वेळी एक खोटा सिग्नल देतो. खोटा अशासाठी की प्रोसेसला तो कधी दिसत नाही, फक्त ती जागच्या जागी हलते, कर्नलच्या सीमेवर येते आणि गोठते. या सगळ्यात आपापसातला क्रम कुठलाच नाही.

समजा देणारा डेमन आधी गोठला आणि त्याच क्षणी मागणाऱ्या प्रोसेसची विनंती त्याच्या हातात होती. मागणाऱ्या प्रोसेसलाही खोटा सिग्नल मिळतो. फ्यूजचा कोड म्हणतो, 'ठीक आहे, डेमनला कळवतो की हे काम थांबव.' पण डेमन गोठलेला. मग कोड शेवटच्या पायरीवर जातो: विनंती डेमनच्या हातात गेली आहे, उत्तर येईपर्यंत थांबणं भाग आहे. ही वाट पाहणं असं असतं की त्यात सिग्नलने व्यत्यय येत नाही. 'पीएस'च्या यादीत या अवस्थेपुढे 'डी' हे अक्षर दिसतं. आणि डी अवस्थेतली प्रोसेस गोठवता येत नाही, कारण ती गोठण्याच्या जागेपर्यंत पोचतच नाही.

फ्रीझर २० सेकंद थांबतो. मग हार मानतो, सगळ्यांना पुन्हा वितळवतो आणि झोप रद्द करतो. डेमन जागा होतो, उत्तर देतो, मागणारी प्रोसेस पुढे जाते आणि सगळं पूर्ववत. पुरावा उरतो तो लॉगमधल्या ओळीत आणि तापलेल्या लॅपटॉपमध्ये.

उलट क्रम झाला असता, म्हणजे मागणारी आधी गोठली असती, तर काहीच अडलं नसतं. त्यामुळे हा दोष कधी दिसतो, कधी दिसत नाही. फाइलसिस्टिम निवांत असताना झाकण मिटलं तर दहातले दहा वेळा झोप लागते. मोठी कॉपी चालू असताना मिटलं की पंचाईत. असा दोष वर्षानुवर्षं टिकतो, कारण ज्याच्याकडे तो होतो त्याला तो दुसऱ्याला हटकून करून दाखवता येत नाही.

२००७ चं भांडण

२००७ मध्ये लिनक्सच्या विकासकांमध्ये फ्रीझरवरून जोरदार वाद झाला. लिनस टोरवाल्ड्स यांचा मुद्दा असा होता की सस्पेंड आणि हायबरनेशन या मुळात वेगळ्या गोष्टी आहेत. मेमरीची प्रत काढायची असेल तर गोठवण्याला अर्थ आहे. नुसतं सस्पेंड करताना मेमरी जागच्या जागीच राहते, मग प्रोसेस गोठवायच्या कशाला? पॉवरपीसीवाल्यांकडे तर पुरावाच होता. अॅपलच्या जुन्या पॉवरबुकवर लिनक्स वर्षानुवर्षं फ्रीझरशिवाय झोपत आणि उठत होतं.

दुसऱ्या बाजूला राफाएल विसॉकी होते. त्यांचं म्हणणं व्यवहाराचं होतं. प्रोसेस जाग्या राहिल्या तर त्या ऐन झोपेच्या वेळी उपकरणांकडे कामं पाठवत राहतील. प्रत्येक ड्रायव्हरला 'मी आता बंद होतोय, थांबा' हे स्वतः सांभाळावं लागेल, आणि तेव्हाच्या शेकडो ड्रायव्हरांपैकी बहुतेकांना ते जमत नव्हतं.

फ्रीझर राहिला. तडजोड म्हणून कर्नलच्या थ्रेड आपोआप गोठवणं बंद झालं; ज्या थ्रेडला गोठायचं आहे तिने तसं सांगायचं. सस्पेंडपुरता फ्रीझर बंद करायचा पर्यायही कर्नल बांधताना मिळू लागला. तो पर्याय आजही आहे आणि 'बंद करू नका' ही ताकीदही त्याच्या शेजारी आहे. फ्रीझरच्या अधिकृत दस्तऐवजात फ्यूजचा उल्लेख याच काळात आला: आता काही यूजरस्पेस प्रोसेस कर्नल थ्रेडसारखी कामं करू लागल्या आहेत, त्यामुळे प्रकरण गुंतागुंतीचं झालं आहे. अडचण मान्य झाली, कागदावर आली आणि तिथेच राहिली.

एक उत्तर मात्र कर्नलच्या बाहेर तयार होतं. नायजेल कनिंगहॅम यांचा 'टक्सऑनआइस' हा स्वसस्पचा समांतर प्रकल्प. त्यात फ्यूजसाठी वेगळी पायरी होती: प्रोसेस गोठवण्याआधी फ्यूजच्या फाइलसिस्टिमचं दार लावून घ्यायचं. म्हणजे नवी विनंती दारातच थांबते, तीही गोठता येईल अशा अवस्थेत. दार लागल्यावर डेमन कधी गोठला तरी फरक पडत नाही. मला हा विचार या सगळ्या इतिहासातला सर्वात स्वच्छ वाटतो. पण टक्सऑनआइस मूळ कर्नलमध्ये कधीच आलं नाही.

जेव्हा घरच पाहुण्याच्या हातात असतं

एप्रिल २००८ मध्ये उबुंटू ८.०४ सोबत वुबी आलं. विंडोज तसंच ठेवून, डिस्कचे वेगळे भाग न पाडता उबुंटू बसवायचं साधन. पार्टिशन करताना डिस्क पुसली जाईल या धास्तीने लिनक्सपासून लांब राहिलेल्यांसाठी ते वरदानच होतं.

युक्ती अशी: विंडोजच्या एनटीएफएस डिस्कवर एक भलीमोठी फाइल करायची आणि त्या फाइलच्या आत उबुंटूची संपूर्ण फाइलसिस्टिम ठेवायची. पण ती फाइल वाचणार कोण? एनटीएफएस-३जी, म्हणजे फ्यूजवरचा एक डेमन. इथे सगळं घरच एका पाहुण्याच्या खांद्यावर उभं होतं. स्वॅपसुद्धा तशाच एका फाइलमध्ये.

हायबरनेशनमध्ये मेमरीची प्रत लिहिली जाते ती स्वॅपमध्ये. लिहिण्याआधी सगळ्या यूजरस्पेस प्रोसेस गोठलेल्या असायला हव्यात. स्वॅपपर्यंत पोचायला एनटीएफएस-३जी जागा हवा. दोन्ही एकदम शक्य नाही. वुबीच्या मार्गदर्शिकेत हायबरनेशन चालत नाही असं सरळ लिहिलेलं असायचं. कारण अनेकांना माहीत नव्हतं. कारण हे होतं.

अशीच पंचाईत यंत्र बंद करतानाही येते. बंद होताना सगळ्या प्रोसेसना मारलं जातं. पण मूळ फाइलसिस्टिम पुरवणाऱ्या डेमनलाच आधी मारलं तर पुढचं काही वाचताच येणार नाही. यावर सिस्टिमडीने एक संकेत ठरवला: ज्या प्रोसेसच्या नावाचं पहिलं अक्षर 'ॲट द रेट'चं चिन्ह असेल, तिला शेवटच्या मारामारीतून वगळायचं. उपाय ओबडधोबड आहे, पण त्यात एक शहाणपण आहे. किल्ली कोणाकडे आहे, हे डेमनने स्वतः सांगायचं. कर्नलने किंवा सिस्टिमडीने अंदाज बांधायचा नाही.

विंडोजची झोप, लिनक्सचा नकार

फ्यूज आणि हायबरनेशन यांचा संबंध उलट्या दिशेनेही येतो, आणि एकाच लॅपटॉपवर दोन्ही सिस्टिम ठेवणाऱ्या विद्यार्थ्यांना तो जास्त भेटतो.

विंडोज हायबरनेट होतं तेव्हा त्याच्याही मेमरीत एनटीएफएसची जुनी समजूत साठवलेली असते. मधल्या काळात लिनक्स सुरू करून त्याच डिस्कवर लिहिलं, तर विंडोज जागं झाल्यावर रोजमेळ वहीचा गोंधळ पुन्हा झालाच. म्हणून एनटीएफएस-३जी डिस्क जोडताना आधी विंडोजची हायबरनेशनची फाइल तपासतं. विंडोज झोपलेलं दिसलं तर लिहिण्यासाठी जोडायला साफ नकार देतं, फक्त वाचू देतं.

२०१२ मध्ये विंडोज ८ आलं आणि 'फास्ट स्टार्टअप' ही सोय सुरुवातीपासूनच चालू ठेवलेली मिळू लागली. त्यात 'शट डाउन' म्हटलं तरी विंडोजचा कर्नल प्रत्यक्षात हायबरनेट होतो. वापरणाऱ्याला वाटतं आपण बंद केलं, डिस्क म्हणते मी झोपले आहे. त्यानंतर लिनक्समध्ये 'डी ड्राइव्हवर लिहिताच येत नाही' ही तक्रार घरोघरी झाली. ती झोपेची फाइल पुसून टाकण्याचा पर्याय एनटीएफएस-३जीमध्ये आहे, पण तो वापरला की विंडोजचं जपून ठेवलेलं सत्र गेलं. योग्य उपाय एकच: विंडोजमध्ये जाऊन फास्ट स्टार्टअप बंद करणं.

इथे नकार देणारा प्रोग्रॅम आडमुठा वाटतो, पण तो बरोबर आहे. झोपलेल्याच्या घरात सामान हलवायचं नाही, एवढंच तो सांगतो.

'असुरक्षित' नावाची फंक्शनं

२०११-१२ मध्ये जेफ लेटन यांनी एनएफएस आणि सीआयएफएस या नेटवर्क फाइलसिस्टिमसाठी एक वाट काढली. तिथेही तोच त्रास होता. सर्व्हर उत्तर देत नसेल तर प्रोसेस डी अवस्थेत अडकायची. त्यांनी वाट पाहण्याची जागाच गोठण्याजोगी केली. उत्तराची वाट पाहतोयस ना, मग तिथेच गोठ.

मग फ्यूजमध्येही हेच का नाही करायचं? अडचण कुलपांची आहे. फाइलची वाट पाहणाऱ्या प्रोसेसने कर्नलमधलं एखादं कुलूप धरलेलं असू शकतं, उदाहरणार्थ त्या फोल्डरचं. ती कुलूप धरूनच गोठली तर त्याच कुलपाची वाट पाहणारी तिसरी प्रोसेस डी अवस्थेत अडकते आणि तीच गोठत नाही. अडचण एका खोलीतून दुसऱ्या खोलीत गेली, घराबाहेर गेली नाही. २०१३ मध्ये 'कुलूप धरून गोठू नका' अशी तपासणी कर्नलमध्ये आली, तेव्हा एनएफएसच्या या जागा लगेच पकडल्या गेल्या. त्या काढून टाकता येईनात, म्हणून त्यांच्या नावांना 'अनसेफ' अशी शेपटी जोडली. ती शेपटी आजही कोडमध्ये दिसते.

त्याच वर्षी फ्यूजसाठी एक प्रस्ताव चर्चेला आला: फ्यूजच्या डेमनला खूण करायची आणि त्याला कर्नल थ्रेडसोबत, म्हणजे शेवटी, गोठवायचं. ऐकायला चोख. पण एसएसएचएफएसचंच उदाहरण घ्या. तिचा डेमन एकटा काही करत नाही. तो एसएसएच नावाच्या दुसऱ्या प्रोसेसकडे विनंती देतो, ती नेटवर्कवर पाठवते. डेमन जागा ठेवला आणि एसएसएच गोठली, तर काय मिळालं? मग एसएसएचलाही खूण करायची? ती ज्या प्रोसेसवर अवलंबून आहे तिलाही? या साखळीचं दुसरं टोक कुठे आहे हे कर्नलला माहीत नाही, आणि प्रत्येक प्रोग्रॅमला 'मला शेवटी झोपवा' म्हणायची मुभा दिली तर सगळेच तसं म्हणतील. प्रस्ताव मूळ कर्नलमध्ये गेला नाही.

अलीकडचं

गेल्या काही वर्षांत हालचाल झाली, पण वेगवेगळ्या बाजूंनी. जुलै २०१९ मध्ये ५.२ या आवृत्तीत सीग्रुपच्या दुसऱ्या पिढीत प्रोसेसचे गट गोठवण्याची सोय आली. डिसेंबर २०२२ मध्ये ६.१ सोबत पीटर झाइलस्ट्रा यांनी फ्रीझरचा गाभा नव्याने लिहिला. गोठलेली प्रोसेस ही आता एक वेगळी, अधिकृत अवस्था झाली. २०२४ च्या सिस्टिमडी २५६ मध्ये यंत्र झोपवण्याआधी वापरकर्त्याची सगळी सत्रं सीग्रुपमार्फत गोठवायला सुरुवात झाली. आपला मूळ प्रश्न मात्र त्या गटाच्या आतही तसाच आहे, कारण गटातल्या गटात आधी कोण याला तिथेही उत्तर नाही.

मला सर्वात महत्त्वाची वाटते ती २०२५ ची भर. फाइलसिस्टिमच गोठवायची, नुसत्या प्रोसेस नाही, हा विचार २०१५ मध्ये यिर्झी कोसिना यांनी मांडला होता आणि लुइस चेंबरलेन यांनी तो बरीच वर्षं लावून धरला. अखेर क्रिस्टियन ब्राउनर यांच्या कामातून झोपण्याआधी फाइलसिस्टिम गोठवण्याची ऐच्छिक सोय मूळ कर्नलमध्ये आली. म्हणजे जवळपास टक्सऑनआइसचंच तर्कशास्त्र: आधी दार लावा, मग माणसं झोपवा. पण ही सोय त्याच फाइलसिस्टिमना लागू पडते ज्यांना गोठायचं कसं हे माहीत आहे, आणि साध्या फ्यूजला ते अजून माहीत नाही. त्याच वर्षी फ्यूजमध्ये विनंतीला मुदत घालायचीही सोय झाली. ठरलेल्या वेळेत डेमनने उत्तर दिलं नाही तर जोडणीच तोडायची. अडकलेली प्रोसेस सुटते, पण तिचं काम अर्धवट राहतं.

तोवर आपण काय करायचं?

एसएसएचएफएस वापरत असाल तर झोपेआधी ती सोडवणारी छोटी स्क्रिप्ट सिस्टिमडीच्या 'सिस्टिम-स्लीप' फोल्डरमध्ये ठेवता येते. तिला झोपेआधी आणि जागं झाल्यावर दोन्ही वेळा हाक येते. ते नको असेल तर निदान 'रिकनेक्ट' हा पर्याय आणि एसएसएचची 'सर्व्हर जिवंत आहे का' ही ठरावीक अंतराने होणारी विचारपूस चालू ठेवा. नाहीतर झोपेत नेटवर्कची जोडणी मरते, आणि सकाळी फोल्डर उघडायला गेलात की खिडकी थिजते. तरीही अडकलंच तर फ्यूजच्या प्रत्येक जोडणीसाठी कर्नल एक 'अबॉर्ट' नावाची फाइल देतो. तिच्यात काहीही लिहिलं की ती जोडणी तुटते आणि वाट पाहणारे सगळे मोकळे होतात. आणि मोठी कॉपी चालू असताना झाकण मिटू नका. हा सल्ला अगदी आजीबाईच्या बटव्यातला वाटेल, पण वर सांगितलेलं सगळं वाचल्यावर त्यामागचं कारण कळलं असेल.

या वीसेक वर्षांत हुशारीची कमतरता कधीच नव्हती. अडलं ते एका माहितीपाशी: कोण कोणावर अवलंबून आहे, याचा नकाशा कर्नलकडे नाही. उपकरणांचा असा नकाशा त्याच्याकडे आहे. यूएसबीचा कंट्रोलर त्यावरच्या पेनड्राइव्हच्या नंतर झोपवायचा, हे त्याला पक्कं ठाऊक असतं आणि ते बिनबोभाट होतं. प्रोसेसच्या बाबतीत मात्र तो सगळ्यांना एकदम हाक मारतो आणि २० सेकंद बोटं मोजत बसतो. वुबी, एसएसएचएफएस, २०१३ चा प्रस्ताव, सगळीकडे याच जागी ठेच लागली.

माझ्या प्रबंधातला एक भाग या नकाशाचा आहे. प्रोसेसना 'तू कोणावर अवलंबून आहेस' असं विचारायचं नाही, कारण त्या सांगणार नाहीत किंवा सगळ्याच 'मला शेवटी' म्हणतील. त्याऐवजी यंत्र जागं असताना कोण कोणाच्या उत्तराची वाट बघतं याची नोंद ठेवायची आणि त्यातून झोपेचा क्रम काढता येतो का, ते तपासायचं. यात एक गाठ आहे. दोन प्रोसेस एकमेकींवर अवलंबून असतील तर नकाशात वर्तुळ तयार होतं, आणि वर्तुळात पहिला कोणी नसतो. त्या वर्तुळांचं काय करायचं, ते पुढच्या लेखात.